बोलणं माझं, थांबणं सरांचं

मला आमच्या गावातल्या वीसएक माणसांचे आवाज काढता येतेत. बस स्टँडवरचा कंट्रोलर, मोंढ्यातला अडत्या, दोन पुढारी, आन् भांडतानाची आमची शेजारीण. पण तुझा सगळ्यात चांगला आवाज कोणता म्हणून कुणी विचारलं, तर मी सरांचा काढतो. त्या आवाजावर तीन वर्षं तीन गावांतल्या पोरांनी गणित केलं. आन् आवाज काढणारा मी गणितात दोनदा गचकलेला.

सर मंठ्याला आमच्या शाळेत गणित शिकवायचे. पोरं त्यांना मागून 'मंग सर' म्हणायची. तसं आमच्याकडं मंग सगळेच म्हणतेत. जेवला, मंग झोपला. सरांचा मंग निराळा होता. फळ्यावर गणित निम्म्यात आणायचे, खडू ठेवायचे, उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायचे आन् विचारायचे, "मंग?" आन् गप. पुढचं आपण सांगायचं. न्हाई सांगितलं तर सर काही बोलायचे न्हाईत, मारायचे न्हाईत, रागवायचे बी न्हाईत. नुस्तं कान धरून उभे. त्यापेक्षा मारलेलं परवडायचं.

एकदा आम्हाला काही सुचंना. सर "मंग?" म्हणून थांबले ते थांबलेच. पंखा फिरून राह्यला, खिडकीत चिमणी येऊन गेली, घंटा झाली. सर हात झटकून निघून गेले. आम्हाला वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी आले तर फळा तसाच. शिपाईमामाला पुसू नको म्हणून सांगून ठेवल्तं. सरांनी खडूकडं बघितलं बी न्हाई. कान धरला आन् म्हणाले, "मंग?"

एक पालक भांडायला आल्ते. म्हणाले, "सर, तुम्ही उत्तर सांगत न्हाईत म्हणं पोरांना."

सर म्हणाले, "उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलं हाय. ते वाचायला मी कायला पाहिजे?"

त्यांची हजेरी तर आख्ख्या तालुक्यात गाजलेली. "हजर सर" चालायचं न्हाई. ज्यानं त्यानं आपल्या नंबराबद्दल काहीतरी सांगायचं. सात नंबरवाला म्हणायचा, "अविभाज्य, सर." म्हणजे ज्याला दुसऱ्या कशानंच भाग जात न्हाई असा. अविभाज्यवाल्यांना रोज तेच म्हणायची माफी होती. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काय नसतंय, असं सरांचं मत. बाकीच्यांनी रोज नवं सांगायचं. माझा नंबर छत्तीस. सोमवारी "सहाचा वर्ग, सर." मंगळवारी "नऊ चोक." बुधवारी "बारा त्रिक." गुरुवारी "अठरा दुणे." शुक्रवारी मी म्हणलं, "सर, तेहेतीस आन् तीन."

"बेरजेवर आलास," सर म्हणाले. "म्हणजे दमलास. बस."

आमच्या शाळेत पहिल्या बाकासाठी कुणी भांडलं न्हाई. अविभाज्य नंबरासाठी भांडणं व्हायची. आन् नंबर एकदा चिकटला की सुटायचा न्हाई. बाजारात सर हाक मारायचे, "ए छत्तीस, कांदे कसे लावले?" माझ्या बापाला ते छत्तीसचे वडील म्हणायचे. डब्यातली भाकर बी हिशोबात. बराबर सहा वाटण्या करायचे, एखादा तुकडा मोठा झाला तर तो शेजारच्या मास्तरला देऊन टाकायचे. "चुकला," म्हणायचे.

नववीत असताना एका मोकळ्या तासाला मी टेबलामागं जाऊन उभा राह्यलो, कान धरला आन् सरांच्या आवाजात म्हणलं, "मंग?" वर्ग तर हसलाच. पण भिंतीपलीकडच्या वर्गातला गोंधळ बी बंद झाला, इतका बराबर बसल्ता. मी अजून एक फेकणार तेवढ्यात खिडकीत सर.

आत आले. म्हणाले, "पुन्हा काढ."

"चुकलं, सर."

"चुकलंच. म्हणून तर म्हणून राह्यलो, पुन्हा काढ."

काढला.

"आवाज बिलकुल माझा हाय," सर म्हणाले. "पण तू मंग म्हणतोस आन् हशाची वाट बघतोस. मी उत्तराची बघतो. तुला लई जल्दी हाय. थांबणं शीक, मंग मास्तर होशील."

पाच वेळा काढायला लावला. पाची वेळा मलाच आधी हसू फुटलं. सर म्हणाले, "जा, तू पुढारीच काढ."

मी दहावीला गणितात गचकलो, पुन्हा गचकलो, तिसऱ्यांदा कसाबसा निघालो, आन् बस स्टँडजवळच्या नेट कॅफेत कामाला लागलो. दिवसभर लोकांचे निकाल काढून द्यायचे आन् गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटरवर कार्टून हलवत बसायचं. त्याच काळात सरांच्या घशाचं निघालं. औरंगाबादला ऑपरेशन झालं. जीव राह्यला, आवाज गेला. बोलायला गेले की नुस्ती हवा यायची, बारीक शिट्टीसारखी.

रिटायर व्हायला अजून तीन वर्षं होती. हेडसर तसे भले माणूस. म्हणाले, "सर, तुम्ही ऑफिसात बसा. पोरांचे दाखले लिहा. अक्षर चांगलं हाय तुमचं." सरांनी मान हलवली. पण शिपाईमामा सांगायचे, सर दाखला लिहिता लिहिता समोरच्या वर्गाकडं कान लावून बसतेत, आन् पोरं चुकली की पेनानं टेबल वाजवतेत. चार दाखल्यांवर म्हणं जन्मतारखेच्या जागी गणिताचं उत्तर पडलं.

त्याच वर्षी पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या जिल्ह्यातल्या तीन शाळांत कॉम्प्युटर बसवले. एक मंठ्याला, एक हसनाबादला, एक अंकुशनगरला. त्याच्यात इंटरनेटवरून गणित शिकवणारी एक बाई यायची. खरी न्हाई, कार्टून. तिचं नाव बिंदूताई. गोरीपान, चष्मा, हातात छडी, आन् बोलणं एकदम धुतलेलं. आमच्या शाळेत ते कॉम्प्युटर बघायला कुणी न्हाई म्हणून हेडसरांनी मला बोलावलं. मी पहिल्या दिवशी मागं उभा राहून ऐकलं.

"चला तर मग मित्रांनो. सात गुणिले आठ किती बरं? छप्पन्न! शाब्बास!"

पोरांनी तोंड उघडलंच नव्हतं. बिंदूताई विचारायची, तीच सांगायची, आन् शाब्बासकी वाटून मोकळी व्हायची. पोरं खूश होती. काही न करता रोज शाब्बास मिळायचं. नेट ढिलं झालं की तिचं तोंड उघडं राहायचं आन् आवाज पुढं पळायचा, तेवढीच मजा.

शेजारी बघतो तर सर. दाखले सोडून आल्ते. गळ्यात दोरीनं पाटी, खिशात पाटीवरची पेन्सिल. पूर्ण धडा त्यांनी उभ्यानं बघितला. मंग पाटीवर लिहिलं: 'ही कुणाला शिकवून राह्यली?' मी हसलो. त्यांनी पुसलं आन् पुन्हा लिहिलं: 'मला असं कर.'

"कसं सर?"

त्यांनी बोटानं बिंदूताई दाखवली. मंग स्वतःला दाखवलं. मंग माझ्या गळ्यावर बोट ठेवलं.

मी त्या संस्थेच्या पुण्यातल्या मॅडमला फोन लावला. त्या म्हणाल्या, "हो, स्थानिक शिक्षकांचा अॅनिमेटेड अवतार करायची सोय आहे. चेहरा निवडा, आवाज रेकॉर्ड करा, धडा आमच्याकडे पाठवा. आम्ही तपासून तिन्ही शाळांना सोडू." ही बातमी मी सरांच्या घरी सांगितली. काकू चुलीपुढं होत्या. म्हणाल्या, "अजून एक अवतार? ह्यांचा हाच अवतार बघवंना मला. आधी दाढी करा म्हणावं."

हेडसरांनी अट घातली. शिक्षण खात्याचे साहेब महिनाअखेर बघायला येणार होते. त्यांच्यापुढं सरांचा एक धडा लावायचा. चालला तर सर परत वर्गावर. पडद्यावरचे सर बोलतील, खरे सर पोरांच्या मधी फिरतील. "आन् न्हाई चालला तर सर, मला बी वर सांगावं लागतंय," हेडसर खाली बघून म्हणाले. "मंग दाखलेच."

अवतार करायला बसलो तर त्या सॉफ्टवेअरात सगळे चेहरे गोरे आन् गुळगुळीत. रंग गडद केला, टक्कल पाडलं. मिशीच नव्हती. शेवटी एक जाडी भुवई घेतली, उलटी केली आन् नाकाखाली चिकटवली. सरांनी बघितलं, आपल्या मिशीवर हात फिरवला आन् पाटीवर लिहिलं: 'चालंल. जरा जास्त हाय.'

आवाजाला आठ दिवस लागले. कॅफेचं शटर निम्मं खाली ओढून आम्ही दुपारी बसायचो. सर कागदावर लिहून द्यायचे, मी त्यांच्या आवाजात म्हणायचो. बोलणं पहिल्या फटक्यात जमलं. अडलं थांबण्यावर. "मंग?" म्हणलं की माझ्या जिभेला मुंग्या यायच्या. सरांनी पंजा वर धरायचा, पंजा खाली येईस्तोवर मी बोलायचं न्हाई. पंजा वरच. माझा जीव वर-खाली.

"सर, एवढं कोण थांबतंय?" मी म्हणलं. "लोक सिनेमा बी एवढा थांबून बघत न्हाईत."

सरांनी लिहिलं: 'पहिला बाक लगेच बोलतो. शेवटचा बाक पाचव्या श्वासाला. मी शेवटच्या बाकासाठी थांबतो.'

चाळीस वर्गांत उभं राहून त्यांनी ते मोजून ठेवल्तं. कुठलं गणित किती श्वासाचं, हे त्यांना तोंडपाठ होतं.

धडा पुण्याला गेला. दोन दिवसांनी आला. लावून बघतो तर सर फटाफट बोलून राह्यले. "मंग" म्हणतेत आन् लगेच पुढं. मी फोन लावला.

"मॅडम, मधलं थांबणं कुठं गेलं?"

"अहो, रिकाम्या जागा यंत्र आपोआप काढून टाकतं. शांतता म्हणजे वाया गेलेला वेळ ना. आणि अजून एक, मंग नाही, मग. शुद्ध करून पाठवा."

"मॅडम, मग म्हणलं तर पोरं ऐकतेत. मंग म्हणलं तर बोलतेत."

"म्हणजे काय?"

ते काय मला फोनवर सांगता येईना. मी हात जोडून म्हणलं, "एवढा एक धडा आमच्या मनासारखा सोडा. साहेबांपुढं फजिती झाली तर माझ्या नावावर." त्या हसल्या. म्हणाल्या, "बरं, 'मंग' राहू देते." मी म्हणलं, "बघा, तुमच्या बी तोंडातून आलं."

पण यंत्राला हात जोडून उपयोग न्हाई. त्याला जिथं आवाज न्हाई तिथं ते कात्री लावतंय. म्हणजे थांबण्यात काहीतरी आवाज पाहिजे, पोरांना टोचणार न्हाई असा. मी पंख्याचा घातला, तर सर गिरणीत शिकवून राह्यले वाटलं. चिमण्यांचा घातला, तर पोरं चिमण्या शोधतील. मी कानाला हेडफोन लावून डोकं धरून बसलो आन् तेव्हा मला ते ऐकू आलं. शेजारी सर बसल्ते. त्यांचा श्वास. आत येताना बारीक शिट्टी, जाताना बारीक शिट्टी. आठ दिवस ती रेकॉर्डिंगमधी आल्ती आन् मीच मूर्खासारखा दर वेळेस साफ करून टाकत होतो.

माईक मी त्यांच्या पुढं सरकवला. म्हणलं, "सर, आता तुम्ही थांबा."

सर ताठ बसले, कान धरला, आन् थांबले. पाच श्वास. यंत्रानं त्यातला एक बी कापला न्हाई.

साहेब आले त्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पुढं पोरं, मागं साहेब, हेडसर आन् पुण्याहून आलेल्या मॅडम. सर भिंतीला टेकून. त्यांनी दाढी केल्ती. मला हेडसरांनी ताकीद दिल्ती, "तू तोंड उघडायचं न्हाई. पोरं ऐकतील, पडद्यावरचे सर बोलून राह्यले आन् हा मागून त्याच आवाजात पाणी मागून राह्यलाय." मी ओठ मिटून कीबोर्डापाशी बसलो.

पडद्यावर सर आले. उलटी भुवई, कान धरलेला. पोरांत खसखस पिकली.

"एक नंबर हाय. दोन अंकी. अंकांची बेरीज नऊ. उलटा केला की सत्तावीसनं वाढतो. कुठला?" पडद्यावरचे सर म्हणाले. "मंग?"

आन् थांबले.

एक श्वास गेला. दुसरा गेला. पडद्यावर सर नुस्ते डोळे मिचकावून राह्यले. साहेबांनी हेडसरांकडं बघितलं. हेडसरांनी माझ्याकडं.

"हँग झाला वाटतं," साहेब म्हणाले.

मॅडम पुटपुटल्या, "मी सांगितलं होतं, रिकामी जागा नको." साहेब उठले, मधून वाट काढत आले आन् मेन बटणाकडं हात नेला. मला ओरडायचं होतं, पण माझ्या गळ्यात सर बसलेले. सरांना ओरडायचं होतं, त्यांच्या गळ्यात काहीच न्हाई. त्यांनी पाटीवर लिहायला घेतलं आन् पेन्सिल मोडली. मी त्यांच्याकडं बघितलं. दाखल्यांचा गठ्ठा मला त्यांच्या तोंडावर दिसला.

तिसऱ्या बाकावरची एक पोरगी मान वर न करता म्हणाली, "साहेब, हात काढा. हँग न्हाई, मंग हाय. आम्ही करून राह्यलो."

साहेबांचा हात तिथंच राह्यला.

खोलीत पेनांचा आवाज फक्त, आन् ती बारीक शिट्टी. पाचवा श्वास आत गेला आन् शेवटच्या बाकावरून कुणीतरी म्हणलं, "छत्तीस. उलटा त्रेसष्ट." तो श्वास बाहेर आला आन् पडद्यावरचे सर म्हणाले, "कसं काय?"

जसं काय ते त्या पोराकडंच बघून राह्यले होते.

मंग जे झालं ते शाळेत कधी झालं न्हाई. पोरं पडद्याशी भांडायला लागली. एक म्हणे अठरापासून सुरू केलं, दुसरी म्हणे नऊनं भाग दिला, पडद्यावरचे सर थांबायचे, पोरं बोलायची, सर पुढं सरकायचे, आन् एकदा बी त्यांचं बोलणं पोरांच्या बोलण्यावर चढलं न्हाई. तेवढ्यात हसनाबादच्या मास्तरांचा फोन आला. तिथं तोच धडा लावल्ता. हेडसरांनी स्पीकरवर टाकला.

"अहो, पोरं जेवणाच्या सुट्टीला बाहेर जाईनात," ते म्हणाले. "तुमचे सर गप उभे हैत म्हणून हे बी बसलेत."

साहेबांनी विचारलं, "आवाज कुणाचा आहे?" हेडसरांनी सरांकडं दाखवलं, मंग माझ्याकडं, मंग पुन्हा सरांकडं, आन् नाद सोडला. म्हणाले, "दोघं मिळून एक मास्तर हाय, साहेब."

साहेब सरांपुढं जाऊन उभे राह्यले. म्हणाले, "उद्यापासून वर्गावर जा." सरांनी मोडक्या पेन्सिलीनं पाटीवर लिहिलं: 'आजचा पाचवा तास माझा हाय.' आन् गेले.

तीन वर्षं चाललं ते. पडद्यावरचे सर बोलायचे, खरे सर बाकांच्या मधून फिरायचे, चुकलेल्या आकड्यावर बोट ठेवायचे. मॅडमनी पुण्यात ती कात्री बंद करवली. पुढच्या वर्षी बिंदूताई नवीन होऊन आली तर ती बी "किती बरं?" विचारून गप उभी राहू लागली. पुण्याची बाई मंठ्यात येऊन थांबायला शिकली. आमच्या गावानं अजून कुणाला काही शिकवलेलं मला तरी माहीत न्हाई.

रिटायर व्हायच्या आधी हसनाबादच्या पोरांनी हट्ट धरला, सर खरे दाखवा. आम्ही दोघं एस्टीनं गेलो. सर वर्गात शिरले तर एक पोरगं म्हणलं, "मिशी तर बारीकच हाय." बाकी कुणी हसेना. सगळी उभी राह्यली. मी आवाज द्यायला घसा खाकरला, तेवढ्यात पुढच्या बाकावरून वेणीवाली एक मुलगी बोलली.

"सर, तुम्ही आठव्या धड्यात चुकलेत. एकोणसाठच्या जागी एकोणसत्तर म्हणलेत. आम्हाला उत्तर येईना, मंग आम्हीच सुधारलं."

चूक माझी होती. जीभ घसरल्ती. मी खाली बघितलं. सरांचा चेहरा मात्र असा उजळला, जसं काय घसा परत आला. त्यांनी खडू तिच्या हातात दिला, फळा दाखवला, आन् स्वतः जाऊन शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावंनात. ते तिरपे बसले.

तिनं पहिल्यापासून गणित मांडलं. मांडून झालं तेव्हा सरांनी हात वर केला. ती थांबली. सरांनी पाटीवर सावकाश लिहिलं आन् पाटी उचलून धरली: 'कळलं न्हाई. पुन्हा सांग.'

पोरीनं कमरेवर हात ठेवला.

"सर," ती म्हणाली, "ध्यान कुठं असतंय तुमचं?"

सरांचे खांदे हसून हलून राह्यले. त्यांनी पाटी पुसली, मांडीवर ठेवली आन् हाताची घडी घालून बसले. पोरीनं फळा पुसून नव्यानं सुरुवात केली.